लॉगिनचे ते दहा सेकंद

जळगाव-धुळ्याकडे संगणकाचं काम कुठेही अडलं की आरोपी आधीच ठरलेला असतो: लाईन. आरोप अगदीच बिनबुडाचा नाही. रस्तारुंदीकरणात जेसीबीखाली फायबर तुटते, मे महिन्यात भर दुपारी वीज जाते, वळवाच्या पहिल्या वादळात खांब आडवे होतात. लाईनला नावं ठेवायची सवय इथल्या माणसाला अनुभवानेच लागलेली आहे. पण एक तक्रार अशी आहे की तिच्यात लाईन बहुतेक वेळा निर्दोष सुटते आणि तरी शिक्षा तिलाच होते. ती तक्रार म्हणजे लिनक्स सर्व्हरवर दुरून लॉगिन करताना लागणारा वेळ. आदेश दिला, एंटर दाबलं, आणि पडद्यावर काहीच नाही. दहा सेकंद, कधी वीस, कधी पंचवीस. मग एकदम पासवर्डची ओळ येते, आणि त्यानंतर सगळं सुरळीत चालतं. अक्षरं टाइप होताच उमटतात, फाइली पटापट उघडतात. लाईन संथ असती तर ती लॉगिननंतरही संथच राहिली असती, एवढी साधी गोष्ट या तक्रारीत दडलेली आहे आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

आधी हे लॉगिन काय असतं ते थोडक्यात. जगातल्या बहुतेक वेबसाइट आणि सरकारी-खासगी सेवा ज्या यंत्रांवर चालतात त्यांतली फार मोठी संख्या लिनक्सवर असते, आणि त्या यंत्रांना पडदा किंवा कीबोर्ड जोडलेला नसतो. त्यांच्याशी बोलायचं ते एसएसएच नावाच्या पद्धतीने: आपल्या संगणकापासून सर्व्हरपर्यंत कुलूपबंद मार्ग तयार होतो आणि त्यातून आपण आदेश देतो. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात कोणीतरी जाळ्यावरून जाणारे पासवर्ड चोरून वाचले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी ही पद्धत लिहिली. (लिनक्सचाही जन्म फिनलंडमधलाच, चार वर्षं आधीचा, विद्यापीठ मात्र वेगळं.) आज सर्वत्र वापरली जाते ती ओपनएसएसएच ही तिची मुक्त आवृत्ती १९९९ च्या अखेरीस आली. खानदेशात ही पद्धत रोज वापरणारे कमी नाहीत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतल्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत संगणकशास्त्राच्या मुलांना लिनक्स शिकवलं जातं. बांभोरी, शिरपूर, धुळे इथे इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत. आणि घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणारी तरुण मंडळी तर आता अमळनेर-चाळीसगावातही सापडतात.

आता लाईनवरचा आरोप गणिताने तपासू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जळगाव ते मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. म्हणजे जाऊन येऊन प्रकाशाला लागतात सुमारे चार मिलिसेकंद, सेकंदाचा अडीचशेवा भाग. धुळं तर मुंबईला आणखी जवळ. प्रत्यक्षात तार सरळ जात नाही, मध्ये अनेक यंत्रं लागतात, म्हणून वीस-तीस मिलिसेकंद धरू. एसएसएचच्या एका लॉगिनमध्ये अशा जाण्यायेण्याच्या साधारण आठ-दहा फेऱ्या होतात: जोडणी, आवृत्तीची ओळख, किल्ल्यांची देवाणघेवाण, वापरकर्त्याची खातरजमा, मग सत्राची सुरुवात. तीस मिलिसेकंदांच्या दहा फेऱ्या म्हणजे ०.३ सेकंद. अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत डेटा सेंटरं सुरू केल्यापासून भाड्याचा सर्व्हरही इतका जवळ मिळू शकतो. समजा सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे आणि एका फेरीला पाव सेकंद लागतो, तरी हिशेब अडीच सेकंदांवर थांबतो. आणि लॉगिनमध्ये जाणारा मजकूर जेमतेम काही किलोबाइट असतो, त्यामुळे लाईन किती एमबीपीएसची आहे याचा इथे फारसा संबंधच येत नाही. दहा सेकंद अंतरातून येत नाहीत आणि रुंदीतूनही येत नाहीत. मग ते येतात कुठून?

उत्तर असं की त्या वेळात सर्व्हर काम करत नसतो, तो वाट पाहत असतो. कोणाला तरी काही विचारून बसलेला असतो आणि समोरून उत्तर येत नसतं. इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. समोरून ‘माहीत नाही’ असं उत्तर आलं तर काही बिघडत नाही. ते क्षणात येतं आणि काम पुढे सरकतं. वेळ जातो तो काहीच उत्तर न आल्यावर, कारण हरवलेलं उत्तर आणि उशिरा येणारं उत्तर यांतला फरक यंत्राला कळायला मार्ग नसतो. त्याला फक्त ठरावीक काळ थांबता येतं. यातलं सर्वांत जुनं आणि प्रसिद्ध उदाहरण उलट्या नावशोधाचं. आपण जोडणी केली की सर्व्हरला आपला आयपी पत्ता दिसतो. जुन्या आवृत्त्यांमध्ये, किंवा आजही तशी मांडणी केली असेल तर, सर्व्हर डीएनएसला, म्हणजे जाळ्यावरच्या नावं-पत्त्यांच्या वहीला, विचारतो की या पत्त्याचं नाव काय. प्रयोगशाळेतल्या संगणकांचे पत्ते १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारे, खासगी. त्यांची नावं बाहेर कोणाकडेच नसतात. डीएनएस सर्व्हर जिवंत असेल तर तो लगेच ‘नाव नाही’ म्हणतो. पण मांडणीत लिहिलेला डीएनएस सर्व्हर दोन वर्षांपूर्वी बंद पडलेला असेल, किंवा फायरवॉल त्याच्याकडे जाणारे प्रश्न गुपचूप गिळत असेल, तर लिनक्स ५ सेकंद थांबतं, पुन्हा विचारतं, पुन्हा ५ सेकंद थांबतं. नेहमीची मूळ मांडणी हीच आहे: ५ सेकंदांची मुदत, दोन प्रयत्न. एक मेलेला डीएनएस म्हणजे १० सेकंद, दोन मेलेले म्हणजे २०.

म्हणूनच उशिराचा आकडा हा पुरावा असतो. लाईनमुळे होणारा उशीर कधी दोन सेकंद, कधी सात, कधी काहीच नाही, असा हेलकावे खातो. मुदत संपण्यामुळे होणारा उशीर दर वेळी घड्याळ लावल्यासारखा सारखाच येतो. १० किंवा २० सेकंद आले तर डीएनएसवर पहिला संशय घ्यावा. पासवर्ड दिल्यानंतर नेमके २५ सेकंद गेले तर गोष्ट वेगळी: सत्राची नोंद ठेवणारी लॉगिनडी नावाची सेवा अडकलेली असते आणि तिच्याशी बोलण्याची मुदत २५ सेकंदांची असते. अशा वेळी सर्व्हरच्या नोंदवहीत सत्र तयार करता आलं नाही अशी स्पष्ट ओळही सापडते, आणि ती एक सेवा पुन्हा सुरू केली की काम होतं. जोडणीच दोन मिनिटं होत नसेल आणि मग अचानक होत असेल, तर सर्व्हरला नव्या पद्धतीचा, आयपीव्ही-६ चा पत्ता दिलेला असतो पण त्या पत्त्याची वाट कुठेतरी तुटलेली असते. एसएसएच आधी तीच वाट धरून पाहतं, ती बंद आहे हे कळायला लिनक्सला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि मग कुठे जुन्या पत्त्याकडे वळतं. आदेशात फक्त जोडचिन्ह आणि ४ हा आकडा घालून पाहिला की पाच सेकंदांत या संशयाचा निकाल लागतो. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर आणखी एक जुना पाहुणा असतो: कर्बेरॉस पद्धतीची ओळख. ती मोठ्या संस्थांसाठी आहे. छोट्या कॉलेजात किंवा कारखान्यात तिचा सर्व्हरच नसतो. तरीही आपला संगणक आधी तिला विचारून बघतो आणि त्या शोधासाठी पुन्हा त्याच आजारी डीएनएसच्या दारात जातो.

सगळी वाट पाहणं बाहेरच्यांसाठीच असतं असंही नाही. उबुंटूवर आत शिरताच जो स्वागताचा मजकूर दिसतो (किती मेमरी वापरात आहे, किती अद्ययावत आवृत्त्या बाकी आहेत) तो दर लॉगिनला छोटे प्रोग्रॅम चालवून जमा होतो. यंत्र दमलेलं असेल तर तेवढ्यालाही वेळ लागतो. वापरकर्त्याचं घर, म्हणजे त्याच्या फाइलींची जागा, दुसऱ्या यंत्रावर असेल आणि ते यंत्र बंद असेल, तर लॉगिन उंबऱ्यावरच अडतं. आणि एक कारण तर मला फार बोलकं वाटतं. इंटरनेटवर उघड्या असलेल्या कुठल्याही सर्व्हरवर चोवीस तास अनोळखी यंत्रं पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न करत असतात. प्रत्येक फसलेला प्रयत्न एका फाइलीत नोंदला जातो. रेड हॅटसारख्या काही मांडण्यांत लॉगिननंतर ‘मागच्या वेळेपासून इतके प्रयत्न फसले’ असं सांगितलं जातं, आणि ते सांगण्यासाठी ती सबंध फाइल वाचावी लागते. वर्षभर कोणी ती रिकामी केली नाही तर ती अवाढव्य होते, आणि चोरांची मोजदाद करता करता घरमालकच दाराबाहेर ताटकळतो. शिवाय एकाच वेळी खातरजमा न झालेल्या दहापेक्षा जास्त जोडण्या आल्या की ओपनएसएसएच मूळ मांडणीनुसार त्यांतल्या तीस टक्के नाकारू लागतं, आणि शंभरला पोचलं की नव्या सगळ्याच नाकारतं. तेव्हा आपल्याला वाटतं लाईन गेली; खरं तर दारात अनोळखी लोकांची गर्दी झालेली असते.

इतकी कारणं वाचून कोणी म्हणेल की मग नेमकं कोणतं हे ठरवायचं कसं. ठरवणं अवघड नाही, फक्त कशालाही हात लावायच्या आधी ते करावं लागतं. एसएसएचच्या आदेशात जोडचिन्हानंतर तीनदा व्ही लिहिलं की आपला संगणक प्रत्येक पाऊल मोठ्याने बोलत जातो. जिथे बोलणं थबकतं तिथे दुखणं आहे. जोडणीच्या ओळीवर थबकलं तर पत्ता, वाट किंवा फायरवॉल. किल्ल्या बदलून झाल्यावर, पासवर्ड मागायच्या आधी थबकलं तर उलटा नावशोध किंवा कर्बेरॉस. जीएसएस-एपीआय हा शब्द त्याच ओळीत दिसला तर कर्बेरॉसच. ओळख पटल्याची ओळ येऊन गेल्यावर थबकलं तर सर्व्हरच्या आतलं: लॉगिनडी, स्वागताचा मजकूर, घराची जागा, किंवा वापरकर्त्याच्याच सुरुवातीच्या फाइलीत कोणीतरी लिहून ठेवलेला लांबलचक आदेश. नावशोधाची खात्री करायची तर आधीच उघड्या असलेल्या सत्रातून सर्व्हरवरच आपल्या पत्त्याचं नाव विचारावं, ‘गेटएंट होस्ट्स’ या आदेशाने, आणि त्याच्या आधी ‘टाइम’ लिहून सेकंद मोजावेत. तिथेही दहा सेकंद गेले तर खटला संपला. एसएसएच निर्दोष, लाईन निर्दोष, दोषी डीएनएस.

यावर पहिला आक्षेप जाणकारांचाच येतो. ते म्हणतात, एवढा तपास कशाला, सर्व्हरच्या मांडणीत ‘यूजडीएनएस’ पुढे ‘नो’ लिहा, ‘जीएसएस-एपीआय’ पुढे ‘नो’ लिहा, मोकळे व्हा. हा सल्ला इतक्या ठिकाणी छापलेला आहे की तो औषधासारखा न विचारता घेतला जातो. त्यात तथ्य आहेच: ज्या कॉलेजात कर्बेरॉस नाही तिथे त्याची विचारपूस बंद करणं हा योग्यच उपाय. पण उलट्या नावशोधाबाबत हा सल्ला आता बराचसा शिळा आहे. ओपनएसएसएचने २०१५ च्या ६.८ आवृत्तीपासून ‘नो’ हीच मूळ मांडणी केली आहे. म्हणजे नव्या सर्व्हरवर ती ओळ लिहून काहीच बदलत नाही. तरी उशीर जात नाही म्हटल्यावर माणूस गोंधळतो आणि पुन्हा लाईनकडे वळतो. जुन्या सर्व्हरवर ती ओळ लागू पडते, पण तिने दुखणं बरं होत नाही, फक्त एका ठिकाणी जाणवायचं थांबतं. मेलेला डीएनएस मेलेलाच राहतो. तो मग उद्या डेटाबेसच्या जोडणीत दहा सेकंद खातो, ईमेल पाठवताना खातो, बँकेच्या सेवेशी बोलताना खातो, आणि प्रत्येक वेळी नवा माणूस नव्याने शोध घेतो. डीएनएसचा पत्ता दुरुस्त करणं, किंवा प्रयोगशाळेतल्या यंत्रांची नावं सर्व्हरच्या होस्ट्स फाइलीत लिहिणं, यालाही पाच मिनिटंच लागतात. प्रश्न विचारणं बंद करण्यापेक्षा उत्तर मिळेल असं करणं जास्त हिताचं आहे.

दुसरा आक्षेप इथल्या अनुभवाचा: आमच्याकडची लाईन खरंच वाईट आहे, तिला इतकं निर्दोष ठरवू नका. मान्य. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काम करणाऱ्याची डेटाची पाकिटं वाटेत हरवतात. शेजारच्या खोलीत कोणी मोठा व्हिडिओ चढवत असेल तर लाईन तुंबते आणि एका फेरीला तीस मिलिसेकंदांऐवजी सेकंद लागू शकतो. अशा वेळी दहा फेऱ्यांचे खरोखरच दहा सेकंद होतील. मात्र तेव्हा लॉगिननंतरही प्रत्येक अक्षर अडखळत उमटेल, आणि साधं पिंग करून पाहिलं तरी आकडे वरखाली नाचताना दिसतील. केळीचा ट्रक रावेरहून निघून वजनकाट्यापाशी तासभर उभा राहिला तर दोष महामार्गाचा नाही, आणि ट्रक वाटेतच रखडला तर दोष काट्याचा नाही; दोन्ही घडतं, म्हणून तर ट्रक नेमका कुठे उभा होता हे विचारायचं. माझं म्हणणं लाईन कधीच दोषी नसते असं नाही. लॉगिनपुरता उशीर आणि नंतर सगळं सुरळीत, या एका लक्षणापुरती ती दोषी नसते.

तिसरा आक्षेप जास्त जड आहे, कारण तो आळसातून येत नाही, व्यवहारातून येतो. दिवसातून दोनदा लॉगिन करणाऱ्याचे वीस सेकंद गेले तर बिघडलं काय? माणसापुरतं बघितलं तर फार नाही. पण सर्व्हरवर माणसांपेक्षा यंत्रंच जास्त वेळा लॉगिन करतात: रात्रीचा बॅकअप, फाइली सारख्या करणारे प्रोग्रॅम, चाळीस यंत्रांवर एकच आदेश पाठवणारी साधनं. चाळीस यंत्रं एकामागून एक, प्रत्येकी दहा सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेसात मिनिटं नुसती वाट पाहण्यात. आणि कंटाळलेला माणूस जे उपाय करतो ते जास्त महाग पडतात. तो फायरवॉल बंद करून बघतो, ओळख तपासणाऱ्या पायऱ्या एकेक काढून टाकतो, एकच रूट पासवर्ड सगळ्यांना वाटतो. काही उशीर तर मुद्दाम ठेवलेला असतो: चुकीचा पासवर्ड दिल्यावर लिनक्स साधारण दोन सेकंद थांबवतं, तो ओळखू पाहणाऱ्या यंत्राला दमवण्यासाठी. २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ ने तर पुन्हा पुन्हा चुकणाऱ्या पत्त्यांना काही काळ बाहेर ठेवायची सोयच केली. वेगाच्या नादात हे काढणं म्हणजे कुलूप जड लागतं म्हणून कडी काढण्यासारखं झालं.

आणि लॉगिनमधल्या उशिराकडे दुर्लक्ष न केल्याचा सर्वांत मोठा दाखला २०२४ चाच आहे. आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारा, पोस्टग्रेस या डेटाबेसवरचा अभियंता. डेबियन लिनक्सच्या ‘अनस्टेबल’ म्हणजे अस्थिर आवृत्तीवर तो भलत्याच कशाची तरी मोजमापं घेत होता. एसएसएच प्रमाणाबाहेर प्रोसेसर खातंय आणि लॉगिनला सुमारे ०.३ सेकंदांऐवजी ०.८ सेकंद लागताहेत हे त्याच्या लक्षात आलं. फरक अर्ध्या सेकंदाचा. शंभरातले नव्याण्णव जण हे सोडून देतील. त्याने धागा सोडला नाही आणि २९ मार्च २०२४ ला जाहीर केलं की एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातलेली आहे. ते साधन लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या मार्गाने एसएसएचपर्यंत पोचत होतं, आणि ज्याच्याकडे विशिष्ट किल्ली आहे त्याला सर्व्हरवर हवा तो आदेश चालवता आला असता. जिया तान या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ चांगलं काम करून त्या प्रकल्पाचा विश्वास मिळवला होता. या आवृत्त्या जगभरच्या स्थिर सर्व्हरांवर पसरायच्या आत सापडल्या, त्या अर्ध्या सेकंदामुळे. यातून प्रत्येक उशिरामागे चोर असतो असं कोणी समजू नये. आपल्याकडच्या बहुतेक उशिरांमागे मेलेला डीएनएसच असतो. पण फ्रॉइंडला उशीर दिसला कारण नेहमी किती वेळ लागतो हे मोजता येत होतं आणि मोजलेलं होतं. ज्या कार्यालयात दहा सेकंद ‘आपल्याकडे लागतातच’ म्हणून स्वीकारलेले आहेत, तिथे अर्धा सेकंद वाढल्याचं कळणार कसं?

नवीन, जास्त रॅमचं यंत्र घ्या, हा सल्ला देणाऱ्यांविषयी फार लिहायला नको. वाट पाहणारं यंत्र कितीही दांडगं असलं तरी तितकाच वेळ वाट पाहतं. लॉगिनच्या वेळी यंत्रावरचा भार बघावा. तो नगण्य असेल तर पैसे राखून ठेवावेत. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत यंत्र तापून स्वतःला संथ करून घेतं हे खरं, पण मग सगळीच कामं रेंगाळतात, नुसतं लॉगिन नाही.

दुरुस्ती करताना एक पथ्य मात्र कसोशीने पाळावं. मांडणीची फाइल बदलण्यापूर्वी सर्व्हरवरचं एक सत्र उघडं ठेवावं आणि काम संपेपर्यंत बंद करू नये. बदललेली फाइल ‘एसएसएचडी’ आदेशाला टी जोडून तपासावी, मगच सेवा पुन्हा सुरू करावी, आणि नवं लॉगिन दुसऱ्या खिडकीतून करून बघावं. एक चुकीचं अक्षर आणि सर्व्हर मुंबईत असेल तर आपण जळगावात बाहेरच. सर्व्हर स्वतःचा नसेल, भाड्याने घेतलेला असेल आणि आतलं काही बदलायची मुभा नसेल, तरी मोजायची मुभा असतेच. तीन व्ही लावून आलेला सगळा मजकूर, तो ज्या ओळीवर थांबला ती ओळ, किती सेकंद थांबला, लागोपाठ पाच लॉगिनमध्ये आकडा सारखाच आला का, आणि त्याच मिनिटाला पिंगचे आकडे काय होते, एवढं तक्रारीत लिहून पाठवावं. ‘लॉगिन स्लो आहे’ एवढंच लिहिलं तर पलीकडून बहुधा आपल्यालाच आपली लाईन तपासायला सांगतील.